खसरा नंबर लंडनला गेले

नागपुरात सक्करदऱ्याच्या चौकात चंपतराव मडावींचा टायपिंगचा क्लास होता. चार मशिनी, त्यातल्या एकीचा 'क' कायमचा रुसलेला. सकाळी पोरापोरींना शिकवायचं आणि दुपारी गावाकडच्या गोंड मंडळींचे अर्ज टाइप करायचे, असा त्यांचा दिवस जाई. सगळ्यात मोठा अर्ज त्यांचा स्वतःचाच होता. रामटेकच्या पलीकडे बोरडोंगरीला त्यांच्या आज्याची आणि भावकीची मिळून सतरा शेतं होती, प्रत्येकाला सरकारी दप्तरातला आपापला खसरा नंबर. इंग्रज सरकारनं नकाशावर लाल रेघ ओढली आणि ती सगळी सरकारी जंगलात गेली. इंग्रज गेले, रेघ राहिली. चौतीस पानांचा तो अर्ज चंपतरावांनी अकरा वेळा टाइप केला होता, आणि तहसिलीनं अकराही वेळा तो विचाराधीन ठेवला होता. त्यांना तो अथपासून इतिपर्यंत तोंडपाठ होता. प्रयागबाई, त्यांची बायको, म्हणायची की लोक झोपेत घोरतात, आमचे हे खसरा नंबर सांगतात.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात हॅलिडे नावाचा इंग्रज क्लासात येऊन उभा राहिला. सोबत कॅमेरावाला, आवाज टिपणारा आणि नागपुरात परदेशी पाहुण्यांना फिरवणारा मार्तंड. आपल्या देशाच्या लोकांनी जगभरच्या मूळ रहिवाशांच्या जमिनी कशा बळकावल्या, यावर हॅलिडे लंडनच्या टेलिव्हिजनसाठी फिल्म काढत होता. माणूस मनानं चांगला होता. बोलता बोलता स्वतःच्या पणजोबांच्या वतीनं त्यानं दोनदा माफी मागितली. पण चंपतरावांचा सफारी, चष्मा आणि खिशातली दोन पेनं पाहून त्याचा चेहरा उतरला. घरात कुणी याहून जुनं माणूस आहे का, असं त्यानं मार्तंडकरवी विचारलं. नाही म्हटल्यावर, निदान कपडे तरी जरा वेगळे घालता येतील का, अशी विनंती केली. चंपतराव आत गेले आणि लग्नातला टाय लावून आले.

शेवटी मार्तंडनं महाल भागातल्या नाटकाच्या सामानाच्या दुकानातून धनुष्य आणलं. ते रामाचं होतं. त्याला सोनेरी कागद चिकटवलेला होता. चंपतरावांनी जन्मात धनुष्य हातात धरलेलं नव्हतं. पण त्यांच्या डोक्यात एक विचार आला होता.

"धनुष्य धरतो मी," ते म्हणाले, "पण मंग माह्यं बोलणं घ्या लागते. मधात कापाचं नाई."

हॅलिडेनं आनंदानं कबूल केलं. चंपतराव लगेच इंग्रजीत सुरू झाले. साठ शब्दांच्या स्पीडनं इंग्रजी टाइप करणारा माणूस तो, बोलायला काय कमी पडणार? पण हॅलिडेनं हात वर केला. इंग्रजीनं चित्र बिघडेल, आपल्याच बोलीत, जंगलाविषयी मनात येईल ते बोला, असं त्यानं फार हळुवारपणे सांगितलं.

जंगल म्हणून तलावाकाठची बाभूळ निवडण्यात आली. उघड्या अंगावर घोंगडी पांघरून चंपतराव उभे राहिले. पहिलाच बाण आडवा सुटला आणि धोंडबा धोब्यानं वाळत घातलेल्या लुगड्यातून आरपार गेला. धोंडबा काठी घेऊन धावला, चंपतराव घोंगडी सावरत बाभळीभोवती पळाले. हॅलिडेला वाटलं हे दोन टोळ्यांचं जुनं वैर आहे. त्यानं तेही टिपून घेतलं. लुगड्याची भरपाई कबूल करून मार्तंडनं धोंडबाला कसंबसं शांत केलं.

मग चंपतराव कॅमेऱ्यापुढे बसले, एक खोल श्वास घेतला आणि अर्ज म्हणायला लागले. खसरा नंबर एकशे बारा, तीन एकर, पूर्वेस नाला. खसरा नंबर एकशे तेरा, दोन एकर, मधात मोहाचं झाड. म्हणता म्हणता ते त्या झाडापाशी रेंगाळले, कारण त्या मोहाखाली त्यांची आजी फुलं वेचायची. हॅलिडेच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हे काय म्हणताहेत, असं त्यानं विचारलं. मार्तंड तेव्हा समोसा खात होता. त्याचं लक्षच नव्हतं. हे हरवलेल्या झाडांना हाका मारताहेत, असं त्यानं ठोकून दिलं. चंपतरावांना सगळं कळलं, पण त्यांनी पुढचा नंबर सुरू केला. खरं सांगितलं तर नंबर कापले जातील, ही भीती होती.

पुढच्या वर्षी एका रविवारी दुपारी ती फिल्म इकडे दूरदर्शनवरही आली. शेजारच्या शोभाताईंच्या घरी टीव्हीपुढे चाळीस माणसं कोंबून बसली. धोंडबा काठीसह दिसला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. मग चंपतराव आले. एक घोगरा इंग्रजी आवाज म्हणाला की हा वृद्ध शिकारी आपल्या हरवलेल्या झाडांशी बोलतो आहे. आणि त्या आवाजाखालून चंपतरावांचं मराठी स्वच्छ ऐकू येत होतं: एकशे बारा, तीन एकर, अर्ज तहसिलीत नऊ वर्षं पडून.

"तुमी शिकारी कधीपासून जी?" इंग्रजीचा अर्थ कळल्यावर प्रयागबाईनं विचारलं. त्यांच्या घरात झुरळसुद्धा तीच मारायची.

तिकडे रामटेकला तहसीलदारही जेवण उरकून तीच फिल्म पाहत होते. सोमवारी सकाळी क्लासापुढे जीप थांबली. तहसिलीत चंपतरावांना पहिल्यांदाच खुर्ची मिळाली, वर चहा. लंडनमध्ये आणखी काय काय दाखवणार आहेत, हे तहसीलदारांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मले नाई माहीत, साहेब," चंपतराव खरं तेच बोलले. "पण सांगतले तं मी सतराच्या सतरा नंबर."

नऊ वर्षं न सापडलेली फाइल चहा संपायच्या आत टेबलावर आली. महिन्याभरात बोरडोंगरीत साखळी पडली, मोजणी झाली आणि सतरापैकी अकरा शेतांच्या उताऱ्यांवर मडाव्यांची नावं लागली. उरलेली सहा विचाराधीन राहिली.

ही बातमी आसपासच्या गावांत पोचायला वेळ लागला नाही. आठवड्याभरात क्लासाबाहेर वीसेक म्हातारे रांगेनं बसले होते. एकानं तर डोक्याला मोरपिसं खोवून तोंडाला हळद फासली होती. कॅमेरावाला साहेब कधी येते, असं तो विचारत होता. चंपतरावांनी त्याला आत बोलावलं, मशिनीत कोरा कागद चढवला आणि आधी खसरा नंबर सांग म्हणाले.