खुनी कोण, ते विचारायचं राहिलं

ऑरेलियोकाकांनी इटलीत असताना खुनांच्या चांगल्या बत्तीस कादंबऱ्या लिहिल्या. म्हातारपणी ते अमेरिकेत, श्रूजबरीला लेकीकडे राहायला आले. हात थरथरायला लागले होते, म्हणून तेहतिसावी ते इंग्रजीत तोंडी सांगायचे आणि चैत्राली टाइप करायची. ही सांगलीची पोर, जवळच वूस्टरला एमएस करणारी. त्यांना सरळ काका म्हणायची, आणि म्हातारा खूश व्हायचा.

काकांची एक खोड होती. खुनी कोण, हे शेवटच्या प्रकरणापर्यंत कागदावर उतरवायचं नाही, कुणाला सांगायचंही नाही. सगळं डोक्यात. त्याचा तोरा काय विचारता!

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात सतरावं प्रकरण सांगून झालं. उरलं फक्त शेवटचं. दुसऱ्या दिवशी काकांनी पुन्हा सतरावंच सुरू केलं. तीच विधवा, तीच विहीर. चैत्रालीच्या ते लगेच लक्षात आलं. पण वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर "तुम्ही विसरलात" कसं म्हणायचं? तिने मुकाट्याने टाइप केलं. तिसऱ्या दिवशीही तेच. असे नऊ दिवस!

"अगं, विचार ना त्यांना, यार," रूममेट सीमा वैतागली.

"त्यांना किती ऑकवर्ड होईल गं!"

ऑकवर्ड! अहो, डोळ्यांदेखत माणूस पुसला जात होता आणि ही बाई त्याचा मान सांभाळत बसली होती.

दहाव्या दिवशी तिने धीर केला. "काका, हे प्रकरण नऊदा झालंय. आता शेवट सांगा. खुनी कोण?"

काकांनी सगळी पानं मागून घेतली आणि एकेक चाळली. चेहरा पांढराफटक पडला.

"नाही आठवत," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी नक्की ठाऊक होतं. तेव्हाच का नाही विचारलंस?"

"चुकलं, काका. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल." चैत्रालीला रडू आवरेना.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी पानं बाजूला सारली आणि एक कोरा कागद तिच्यापुढे केला.

"लिहून घे," ते घाईघाईने म्हणाले. "माझ्या मुलीचं नाव क्लारा. आज अजून आठवतंय."