साहेबांच्या डोंग्याचा कान

झालं गेलं गंगेला मिळालं, असं म्हणणाऱ्याचं काय जातंय? एकदा धुळाला विचारा. पलटणीच्या ऑफिसर मेसमध्ये तो वेटर होता. अठ्ठ्याहत्तर साली मोठ्या पाहुण्यांचं जेवण होतं. सूपच्या चिनीमातीच्या डोंग्याचा एक कान तडकलेला त्याला दिसला, म्हणून मेस सांभाळणाऱ्या मेजर सुमंतांना जाऊन त्यानं सांगितलं, "साब, कान कच्चा हाय." साहेबांनी मान वर केली नाही. "चलता है. ले जा." धुळानं नेला. कान हातात राहिला, उकळतं सूप पाहुण्याच्या मांडीवर आणि धुळाच्या मनगटावर. चौकशीत साहेबांनी सरळ हात झटकले. म्हणाले, मला कुणी काही सांगितलंच नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी! धुळाला अठ्ठावीस दिवस कोठडी, सर्व्हिस बुकात लाल शाईचा शेरा, आणि होणारी नाईकाची बढती गेली ती गेलीच. घरी आला तर गावानं नाव ठेवलं, फोड्या. पोरीच्या लग्नात व्याह्यानं भर मांडवात विचारलं, "फोड्याची पोरगी ती हीच का?" त्या दिवशी धुळाला अन्न गेलं नाही.

मग गड्यानं काय करावं? फुटक्या कानांचाच धंदा धरला. मिरजेला बादशहाभाई तंबोरे करायचा, त्याच्याकडं राहून बारीक भोकं पाडायला शिकला आणि साताऱ्यात सदर बझारला टपरी टाकली. लय नाजूक काम. नुसतं चिकटवणं म्हणजे दिखावा. गार दही-कोशिंबिरीला चालतं, पण गरम कालवण ओतलं की गोंद मऊ पडतो आणि कान सुटतो. म्हणून थेंब थेंब पाणी सोडत दोन्हीकडं, भांड्यात आणि कानात, भोक पाडायचं, आत पितळेची तार बसवायची, मग चिकटवायचं. धुळानं बसवलेला कान पुन्हा निघाला, असं कधी झालं नव्हतं.

चौऱ्याण्णव साली एका सकाळी बंगल्यांवर धुणीभांडी करणारी तानुबाई एक डोंगा घेऊन आली. एक कान वेगळा, कागदात गुंडाळलेला.

"कुनाचा गं ह्यो?"

"नव्या बंगल्यातल्या कर्नलसायबांचा. सुमंत सायबांचा. परवा दुपारी पलटनीची जुनी मानसं जेवाय येनार हायती."

धुळाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आला, आला, शेवटी आला! त्यानं ड्रिलला हात लावला नाही, तार कापली नाही. नुसता कान चिकटवला आणि वरून असा पांढरा रंग भरला की शिवण शोधून सापडू नये. दोन दिवस त्याच्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. साहेब मिरवत डोंगा उचलतात आणि रस्सा त्यांच्याच मांडीवर.

तिसऱ्या दिवशी तानुबाई न्यायला आली. डोंगा हातात देता देता धुळानं सहज विचारलं, "आज सायेब सोता वाढनार असतील न्हवं?"

तानुबाई हसली. "काय बी बोलता! सायेब कशाला उचलत्यात? मीच की. ईस मानसास्नी मटनाचा रस्सा. हात भाजत्यात, पर सांगायचं कुनाला?"

धुळा स्वतःवरच चरफडला. अरे गाढवा! सोळा वर्षं डूख धरून डोकं इतकं आंधळं झालं होतं की डोंगा कोण उचलतं हेच वेटर विसरला! आता तार घालायची म्हटली तर सुकायलाच एक दिवस. त्यानं डोंगा मागं घेतला, टपरी बंद केली आणि म्हणाला, "चल, मी येतो. आज मी वाढतो."

बंगल्यावर टेबलाभोवती वीस माणसं बसली होती. त्यात निवृत्त सुभेदार गुंडा माने होते. यांनीच धुळाला कोठडीपर्यंत नेऊन पोचवलं होतं. स्वयंपाकघरात रस्सा डोंग्यात ओतला. धुळानं तळाला जाड फडकं धरून तो उचलला आणि सगळ्यांना वळसा घालून साहेबांपुढं उभा राहिला.

"धरा साहेब."

साहेबांनी सवयीनं हात पुढं केले.

"कान कच्चा हाय. सांगून ठेवतो."

हात झटक्यात मागं! "अरे मूर्खा, कच्चा आहे तर माझ्या हातात काय देतोस? खाली ठेव!"

धुळानं डोंगा टेबलावर ठेवला. "अठ्ठ्याहत्तर सालीबी मी हेच सांगितलं हुतं. तवा 'चलता है' म्हनाला. तुमच्या हातात आला की चालत न्हाई, व्हय?"

त्यानं दोन बोटांनी कान ओढला. रश्शानं गोंद मऊ झालाच होता, कान अलगद सुटला. तो त्यानं साहेबांच्या ताटात भाताशेजारी ठेवला. आता कुठं साहेबांनी त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

गुंडा माने उठून उभे राहिले. "सर, ह्यानं तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं?"

साहेबांनी ताटातला कान बाजूला सारला.

"सर, मी ह्याला माझ्या हातानं कोठडीत घातलाय. मला कळू द्या."

"सांगितलं होतं," साहेब ताटाकडं बघत म्हणाले. "सांगितलं होतं त्यानं."

धुळाचा जीव थंड झाला. खोटं कशाला बोला, चांगला गारेगार झाला. मानेंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पण धुळानं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

बाईसाहेब अवघडून म्हणाल्या, "अहो, झालं ते झालं. हा कान तेवढा उद्या पक्का करून द्याल का?"

"देतो की. तार घालून देतो, जलमभर निघायचा न्हाई. पर तानुबाईकडं धाडू नगा," धुळा म्हणाला. "सायबांनी सोता आनायचा, भर बाजारातनं. आन् माझ्याकडं गिऱ्हाईक असलं तर भाईर हुबं ऱ्हायचं."