रांगेच्या शेवटची छत्री

मित्रांनो, मी एक जुनी नारिंगी छत्री आहे. पावसासाठी मला फारसे कुणी उघडलेच नाही, त्यामुळे स्वतःला छत्री म्हणवून घेताना मी थोडी अडखळते. सांगण्यासारखे माझ्यापाशी काही आहे का, याचीही मला खात्री नाही. तरी सांगते.

बेल्जियममधल्या घेंट शहरातल्या एका दुकानात माझ्या काड्या जुळल्या, कापड शिवले गेले, लाकडी मूठ बसली. लोर्ना हेडस्ट्रम यांनी मला विकत घेतले. त्या अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका लहान कॉलेजात चित्रकलेचा इतिहास शिकवत आणि दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन युरोपात येत. सोबत त्यांचे पती व्हर्लिन असत.

"ही धर," मला व्हर्लिनच्या हातात देत लोर्नाबाई म्हणाल्या. "मी पुढे बडबडत चालते, तू मागे राहा. एवढा ताडमाड वाढलायस, त्याचा कुणाला तरी उपयोग होऊ दे!"

"हुकूम, बाईसाहेब," व्हर्लिन म्हणाले.

तेव्हापासून मी रांगेच्या शेवटी, मिटलेली, उंच धरलेली. मुलांना एकच नियम होता. मागे वळून पाहिले आणि छत्री दिसली, तर आपण हरवलेलो नाही. प्रागचे दगडी रस्ते, व्हेनिसचे पूल मी असेच पाहिले, मुलांच्या पाठींवरून. निघताना मुले माझ्यासोबत फोटो काढून घेत. ते सुखाचे दिवस असावेत. तेव्हा ध्यानात आले नाही.

संग्रहालयांत छत्री नेऊ देत नाहीत. आतून आधी बाहेर पडणाऱ्या मुलांना मी दिसायला हवी, म्हणून व्हर्लिन मला घेऊन दाराशीच थांबत. लोर्नाबाई सर्वांत शेवटी बाहेर येत. व्हिएन्नात तर फारच उशीर करत. तिथल्या एका छोट्या चित्रापुढून त्यांचा पाय निघत नसे. त्या आल्या की मगच व्हर्लिन हलत.

गेल्या हिवाळ्यात लोर्नाबाई वारल्या. मी कपाटात, बर्फातल्या बुटांच्या मागे पडून राहिले. उन्हाळ्यात कपाट उघडले. कॉलेजने व्हर्लिनना याही वर्षी सोबत बोलावले होते. त्यांनी "बरं" म्हटले होते.

आता पुढे मार्लो कीन नावाच्या तरुण प्राध्यापिका चालत. व्हर्लिन मागेच. त्यांच्या हाताची पकड पूर्वीसारखीच होती, पण त्या हातात कुणी नसल्यासारखे मला वाटे. कॉफीवर साय धरे. कुणी मनोरा दाखवला, तर ते म्हणत, "छान आहे." मनोऱ्याकडे पाठ असली तरी म्हणत.

कोलोनच्या चर्चबाहेर ते असेच उभे राहिले आणि रांग पुढे निघून गेली. मार्लो धावत परत आल्या.

"व्हर्लिन, रागावू नका. पण पुन्हा असं झालं, तर मला तुम्हाला घरी पाठवावं लागेल. मुलांकडे बघू की तुमच्याकडे?"

"बरं," व्हर्लिन म्हणाले. घरी आता कुणीच नव्हते, हे त्या दोघांनाही ठाऊक होते.

मग व्हिएन्ना आले. मुले संग्रहालयातून बाहेर पडली. मार्लोंनी त्यांना मोजले आणि सगळे ट्रामकडे निघाले. मोजणी बरोबर होती. सोबतच्या मोठ्या माणसांना त्यात कधीच धरलेले नव्हते.

व्हर्लिन दाराशी उभे होते. माणसे येत-जात राहिली. सावली पायरीवरून खाली उतरली. मी त्यांच्या हातात तशीच उंच होते.

पुढचे मला नंतर कळले. स्टेशनवर डिलेनी नावाच्या मुलीने सवयीने मागे वळून पाहिले आणि ती ओरडली, "थांबा! आपण हरवलोय! छत्री कुठाय?"

साल्झबर्गला जायची गाडी त्यांना सोडून सुटली. सगळे परत आले. मार्लोंचा चेहरा लाल झाला होता.

"काय हे, व्हर्लिन! कुणाची वाट बघताय इथे?"

"लोर्ना अजून आत आहे," व्हर्लिन म्हणाले.

आपण काय बोललो ते बहुधा व्हर्लिनना उशिरा ऐकू आले. माझ्या मुठीवरची त्यांची पकड सैल झाली.

डिलेनीने मला अलगद काढून घेतले. "लोर्नाबाई ज्याच्यापुढून हलत नसत, ते सफरचंदवालं चित्र तुम्ही पाहिलंय का हो?"

"नाही. मी बाहेरच असतो."

"मग जा ना आत. मी इथेच उभी राहते. तुमच्याइतकी उंच नाही, पण टाचा उंच करीन."

मार्लो पुढे झाल्या. त्यांनी दार उघडून धरले.

आत काय झाले ते मला माहीत नाही, मला आत नेत नाहीत. डिलेनीने मला वर धरून ठेवले. तिने हात बदलला, पण मला खाली घेतले नाही.

शेवटी व्हर्लिन बाहेर आले. "एक बाई सफरचंद सोलतेय," ते म्हणाले. "साल कुठेच तुटलेली नाही." बस, एवढेच. रडले नाहीत.

"चला," मार्लो म्हणाल्या आणि पुन्हा मोजू लागल्या. शेवटच्या मुलापाशी त्या थांबल्या नाहीत. व्हर्लिनच्या बाहीला हात लावून त्यांनी पुढचा आकडा मोठ्याने म्हटला. व्हर्लिननी मान डोलावली आणि ते रांगेच्या मधोमध चालू लागले. मी मागे होते, डिलेनीच्या हातात.

मित्रांनो, माझे कापड आता विटले आहे, एक काडीही वाकली आहे. माझी काळजी घ्या असे म्हणायला मी संकोचते. पण तुमच्याही रांगेच्या शेवटी कुणीतरी सर्वांना सांभाळत चालत असेल. निघण्याआधी एकदा मागे वळून पाहा, आणि त्यालाही मोजा.