काशीत सोडलेलं तूप

रामरावांनी काशीत तूप सोडलं तेव्हा अख्खं डोणगाव हसलं होतं. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू गंगेकाठी कायमची सोडायची असते. पण माणसं चलाख. कोणी कारलं सोडून येतं, कोणी जन्मात न चाखलेलं एखादं फळ. रामरावांनी मात्र ज्यात जीव होता तेच सोडलं, आणि मग पुरणपोळीसुद्धा कोरडी खाल्ली.

आता त्यांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी सुनेला, प्रेरणाला, समोर बसवून सांगितलं, "वजन वाढल्याशिवाय औषधं सोसायची नाहीत. घास थोडा, पण ताकदीचा द्या. शेंगदाणे, खजूर, साय आणि मुख्य म्हणजे तूप."

"तूप सोडून काय ते दे, सूनबाई," घरी आल्यावर रामराव म्हणाले. "गंगामाईले शब्द देल्ला हाये. तो मोडला तं औषधं तरी कशी लागतीन मले?"

"मामाजी, साय चालते अन् तूप चालत नाई?"

"साय कुठी सोडली म्यां?"

सासूबाई, विमलबाई, चुलीकडे तोंड करून पुटपुटल्या, "जिंदगीभर असेच. बोलून फायदा नाई."

प्रेरणाने शेंगदाणे भाजून, गंधासारखे वाटून दुधात घातले. ते घशातच राहिले. खजूर चिकटला, केळंही अडकलं. खाली उतरायचा तो फक्त मऊ, पातळ भात, आणि नुसत्या भातानं अंगावर काय चढणार?

बाजारच्या दिवशी नवऱ्याने, गोपालने, त्यांना कडूबाच्या अडत दुकानात नेलं. सोयाबीनची पोती मोजायच्या काट्यावर रामराव उभे राहिले.

"पाय ठेवले ना रामराव? का एक अजून रस्त्यातच हाये?" कडूबा हसला. मग त्याने आकडा नीट पाहिला, काटा उगाच दोनदा पुसला आणि चहा सांगायला निघून गेला.

त्या संध्याकाळी प्रेरणा एकाच पातेल्यातला भात दोन वाट्यांत कालवत होती, एक मामाजींची, एक आपल्या आठ महिन्यांच्या चिमीची. चिमीच्या वाटीत तूप सोडलं. चमचा परत बरणीत गेला आणि दुसऱ्या वाटीवर येऊन थांबला. मग कलला. वास दबावा म्हणून तिने वरणाला हिंग-लसणाची सणसणीत फोडणी दिली. मान वर केली तर दारात विमलबाई. त्या आत आल्या, बरणी प्रेरणाच्या हाताजवळ सरकवली आणि बाहेर गेल्या.

"आज भात बरा उतरला," रामराव म्हणाले. प्रेरणाला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

मग रोजच तसं होऊ लागलं. चिमीच्या कमरेचा करदोडा सैल करावा लागला. रामरावांचं धोतर मात्र दिवसाआड आणखी घट्ट खोचावं लागे.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी गोपालला बाहेर नेलं. दाराच्या फटीतून प्रेरणाला ऐकू आलं, "आता औषधं नकोत. घरी न्या. आवडेल ते खाऊ घाला."

परतताना गाडीत कोणी काही सांगितलं नाही आणि रामरावांनीही विचारलं नाही. एकेक गाव आलं, गेलं. रात्री वाटी पुढे आली तसे ते शांतपणे म्हणाले, "सूनबाई, भातावर तूप घाल."

विमलबाईंचा हात ताटावरच राहिला. "अन् गंगामाई?"

"तिच्याकडेच तं जायचं हाये आता. समजावून सांगीन."

प्रेरणा बरणी घ्यायला वळली. तूप नको म्हणत होता तोवर या माणसाला जगायचं होतं. आणि भातात तूप आधीच होतं. ते आता कोणत्या तोंडाने सांगणार? तिने वरून आणखी सोडलं, चांगली धार.

रामरावांनी डोळे मिटून घास तोंडात धरला. कितीतरी वेळ धरला. तो खाली जाईना. ओठाच्या कोपऱ्यातून पिवळी रेघ हनुवटीवर आली. प्रेरणाने पदराने ती टिपली, चिमीची टिपते तशी.

"चवच नाई लागून राह्यली वं," ते म्हणाले, जणू चूक त्यांचीच होती. "मले वाटलं, तेवढी तरी राहीन."

"उद्या लागन," विमलबाई म्हणाल्या.

रामरावांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग वाटी हळूच सरकवली. "पोरीले चार. वाया काऊन घालवतं?"

प्रेरणाने चिमीला मांडीवर घेतलं. पोरगी प्रत्येक घासाला तोंड पुढे करत होती, आणि रामराव भिंतीला टेकून पाहत होते, तिच्या प्रत्येक घोटाबरोबर स्वतःचाही गळा हलवत.