नवव्या रांगेतला डबा

मी तसा चिडणारा माणूस नाही. उचगावच्या काजूच्या गोडाऊनमध्ये एकतीस वर्षं काढली, टेम्पोवाले उशिरा आले, हमाल आपसात भांडले, उंदरांनी पोती फोडली, पण माझा आवाज कधी चढला नाही. गेल्या दिवाळीपासून मात्र त्या मशीननं मला जो वैताग दिलाय, तो सांगायचा म्हटलं तरी तोंड कडू होतं, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

मला लिहिता-वाचता येत नाही. गोडाऊनमध्ये नऊ रांगा, रांगेरांगेला पत्र्याचे डबे, आणि कुठला माल कुठं ठेवलाय ते सगळं माझ्या डोक्यात. त्याची माझी एक रीत होती. माल लावताना त्या दिवशी जे काही घडलं असेल, ते मी त्या मालाशी बांधून टाकायचो. पांढरा काजू उतरला तेव्हा बाहेरच्या उंबरावर माकडं आली होती, म्हणून तो दुसऱ्या रांगेत. तुकडा काजू आला त्या दिवशी माझ्या बायकोनं, विठाबाईनं, भाकरीऐवजी शिळा भात बांधून दिला होता, म्हणून तो सातवीत. दुसऱ्याला हे येड्यासारखं वाटेल, पण एकतीस वर्षांत एक डबा चुकला नाही. मालक नेमगोंडाअण्णा खुर्चीतून नुसतं विचारायचे, "केरबा, त्यो मोठ्या दाण्याचा कुठं?" आणि मी जाऊन नेमका त्याच्यावर हात ठेवायचो. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, जमीन नव्हती, शिक्षण नव्हतं, हे एवढंच होतं.

मग अण्णांची लेक ऐश्वर्या कारभार बघायला लागली. पोरगी गुणी आहे, मला काका म्हणते, स्वतःच्या हातानं चहा आणून देते. तिनं प्रत्येक डब्यावर बोटभर लांबीचा एक जाडसर टॅग चिकटवला आणि छताला पांढऱ्या पेट्या बसवल्या. त्या पेट्या टॅगचं बोलणं ऐकतात म्हणे, आणि कुठला डबा कुठल्या रांगेत आहे ते तिच्या हातातल्या पडद्यावर उमटतं. "काका, आता तुम्हाला काही लक्षात ठेवायला नको," ती हसून म्हणाली. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलं असं तिला वाटलं असणार.

पहिला खटका हंबीररावच्या मालावरून उडाला. हंबीरराव टेम्पो चालवतो, आजऱ्याहून काजू आणतो. त्याचे चाळीस डबे उतरवताना त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि मी तो सुतळीनं बांधून दिला होता, म्हणून तो माल नवव्या रांगेत, खिडकीखाली. ऐश्वर्या म्हणाली, "चौथ्या रांगेत दाखवतंय." मी म्हटलं, मशीन नवीन आहे, शिकेल हळूहळू. दोघं नवव्या रांगेत गेलो, तर खिडकीखालची जागा मोकळी, आणि तिच्यावरची धूळ कित्येक दिवस कुणी हलवली नसावी अशी सारखी पसरलेली. चाळीस डबे चौथ्या रांगेत होते, झाकणाची कडी भिंतीकडं करून लावलेले. अशी कडी भिंतीकडं फक्त मी करतो.

पुढच्या खेपेला हंबीरराव आला तेव्हा मी त्याला चपलेचं विचारलं.

"कसली चप्पल, काका? मी दोन वर्षं झाली बूट घालतोय. टाच दुखती माझी." त्यानं पाय वर करून दाखवला. "काजूनं डोकं चालतंय म्हणत्यात लोक. तुमचं उलटंच झालंय की."

हमाल हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. पण त्या महिन्यात असं सहा वेळा झालं, आणि सहाही वेळा मशीन खरं निघालं. मी सातवीत म्हणावं, तर माल तिसरीत सापडावा. बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी सोसलं असतं. गेटवरचा अमरसिंह म्हणाला, ह्या उंबरावर माकड त्यानं जन्मात बघितलं नाही. घरी विठाबाईला विचारलं, तर ती लाटणं हातात धरून माझ्याकडं बघतच राहिली. "शिळा भात? म्या कवा दिलाय तुम्हाला शिळा भात? चार माणसांत असं बोलू नगासा, लोक मला नावं ठेवतील." आता काय म्हणावं ह्याला. मशीनला डबा हलवायचा तर हलवू दे, पण ते डब्याबरोबर माझा दिवसही हलवत होतं.

अण्णांनी बोलावून घेतलं. आवाज मऊ होता, तेच जास्त लागलं. "केरबा, वय झालंय बाबा. सहा झालं आतापतूर. पुन्हा एकदा झालं तर तू घरी बस. कुणी तुला बोल लावणार न्हाई."

बोल लावला असता तर बरं झालं असतं. मी विचार केला, एक डबा असा धरायचा की मशीनलाही नाकबूल करता येणार नाही.

गुरुवारी सकाळी गोडाऊन उघडल्या उघडल्या मी एक डबा उचलला, त्याच्यावर बोटानं चुन्याचे पाच ठिपके दिले, तो नवव्या रांगेत खिडकीपाशी ठेवला आणि त्याच्यावर बसलो. कुणाला काही सांगितलं नाही. बसल्या बसल्या सुतळीच्या गुंडाळ्या केल्या. खिडकीतून उंबर दिसत होता, त्याच्या सावलीत एक बाई गोधडी वाळत घालत होती, तिची एक चौकट लाल होती आणि बाकी सगळी निळी. हे मी मुद्दाम बघून ठेवलं. दुपारी तिथंच भाकरी-ठेचा खाल्ला. लघवीलासुद्धा उठलो नाही.

तीनच्या सुमाराला ऐश्वर्या मशीन घेऊन आली.

"काका, एक डबा चौथ्या रांगेत एकटाच पडलाय म्हणतंय."

मला इतकं बरं वाटलं. मी सावकाश म्हणालो, "पोरी, त्या डब्यावर सकाळपासनं मी बसलोय. आता तूच सांग त्यो कुठं हाय."

ती माझ्याजवळ उकिडवी बसली, आजारी माणसाजवळ बसतात तशी. "काका, तुम्ही चौथ्या रांगेतच बसलाय. मी सकाळी दोनदा इथनं गेले, तुम्ही इथंच होता."

मी मान वळवली. खिडकी नव्हती. समोर भिंत होती, तिच्यावर लाल रंगात काढलेला चारचा आकडा होता, तेवढा आकडा मला ओळखता येतो. मी उठून खाली बघितलं. डबा तोच, पाच ठिपके तेच.

ती पाणी आणायला गेली तेव्हा मी नवव्या रांगेत जाऊन आलो. खिडकी उघडी होती. खिडकीखाली जमिनीवर भाकरीचा चुरा सांडला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या, आणि तिथंच माझी चुन्याची डबी पडली होती. बाहेर गोधडी वाळत होती. मी डबी खिशात टाकली. ऐश्वर्याला दाखवून उपयोग नव्हता, ती म्हणाली असती, कालची असेल.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या गळ्यात एक पांढरं कार्ड अडकवलं. डब्यावर असतो तसलाच टॅग त्याच्या आत होता. "सगळ्यांनाच देणार आहोत, काका. कुठं चक्कर येऊन पडलात तर लगेच सापडाल." अण्णा खुर्चीतूनच म्हणाले, "अडकव गळ्यात, न्हाईतर घरी बस, केरबा. तिला घोर लागलाय तुझा."

मी अडकवलं. दिवसभर ते पोटावर आपटत राहिलं, आणि दिवसभर माझ्या डोक्यात एकच होतं, की हे मशीन एकदा तरी खोटं पडलं पाहिजे, आणि ते सगळ्यांदेखत पडलं पाहिजे. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मी नवव्या रांगेत गेलो, कार्ड गळ्यातून काढून खिडकीच्या खिळ्याला टांगलं आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. उद्या सकाळी म्हणणार होतो, बघ पोरी, रातभर मी गोडाऊनमध्ये होतो म्हणतंय तुझं मशीन. विचार माझ्या बायकोला मी कुठं जेवलो ते. गोडाऊन ते घर सरळ एकच वाट आहे, वीस मिनिटांची. कित्येक दिवसांनी मी ती मजेत चाललो.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. विठाबाई दारात उभी होती. मी चपला काढत म्हणालो, "आलो गं." तिनं माझ्या खांद्यावरून लांब वाटेकडं बघितलं. मला वाटलं, रुसलीय. परवा शिळ्या भातावरून बोललो होतो, ती चार दिवस धरून बसते. "आता काय झालं?" मी विचारलं, तर ती शेजारच्या चिमणाबाईला हाक मारून म्हणाली, "अजून आलं न्हाईत गं. रोज ह्या येळेला येत्यात."

चिमणाबाई आपल्या पायरीवर लसूण सोलत होती. "त्या डब्यांत जीव अडकलाय त्यांचा. फोन लाव की," ती म्हणाली. तिनंही माझ्याकडं बघितलं नाही.

विठाबाईला कानानं कमी ऐकू येतं, म्हणून ती फोनचा आवाज मोठा करून तोंडापुढं धरते. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. ऐश्वर्याचं बोलणं शब्द न शब्द ऐकू आलं.

"आहेत की इथंच, काकू. नवव्या रांगेत दाखवतंय."

"मशीनचं नगं सांगू, बाई. डोळ्यानं बघ."

चालल्याचा आवाज आला, एक दार करकरलं, ते मी ओळखलं. मग ऐश्वर्या हसून म्हणाली, "हे काय, खिडकीजवळ बसलेत डब्यावर. थांबा, देते त्यांना."

कुणीतरी खाकरलं. मग एक आवाज सावकाश बोलायला लागला. तो म्हणाला, खिडकीतून उंबर बघत बसलो होतो, येळेचं भान ऱ्हायलं न्हाई, आता निघतो. आणि जरा थांबून म्हणाला, शिळ्या भाताचं मनावर घेऊ नको, माझंच चुकलं. ऐकता ऐकता विठाबाईचा चेहरा कसा मऊ झाला.

"बरं. या सावकाश," ती म्हणाली.

तिनं आतून तांब्याभर पाणी आणलं, रोज ठेवते तसं पाय धुवायला पायरीच्या कडेला ठेवलं, आणि चुलीकडं गेली. मी तिला तीनदा हाक मारली असेल. मग हाक मारायचाही कंटाळा आला, आणि पाय दुखत होते म्हणून मी पायरीवर बसलो. पाण्याला हात लावला नाही.

वीस मिनिटं झाली असतील. वाटेच्या वळणावरून कुणीतरी सावकाश, दमानं चालत येत होतं, आणि त्याच्या पोटावर काहीतरी पांढरं हलत होतं. मी तांब्या थोडा पुढं सारला आणि पायरीवर जरा बाजूला सरकून बसलो.