हार्कवेलांचा शेवटचा शिक्का

मित्रांनो, तुमच्या मुठीत सहज मावेल असा मी एक जुना शिक्का आहे, काशाचा. माझ्यावर मासा धरलेला बगळा आहे आणि कडेने धन्याचे नाव उलटे कोरले आहे. मला गरम मेणावर दाबले, की ते सुलट उमटते.

हार्कवेल हे थेम्सकाठचे बडे सरदार घराणे. माझ्या एका ठशाने गावे दान झाली, लग्ने ठरली, माणसे तुरुंगात गेली. पुढे दोन राजे गादीसाठी भांडले आणि धनी हरणाऱ्याच्या बाजूने लढून मेला. तेव्हाची रीत अशी, की धनी गेला की त्याचा शिक्का चारचौघांसमोर फोडायचा, म्हणजे मेलेल्याच्या नावाने कुणी खोटे करार करणार नाही. पण धनिणीला ते नाव फुटू द्यायचे नव्हते. तिने मला शेतात पुरले. नंतर जमिनी जप्त झाल्या, मुलगे परागंदा झाले, किल्ल्याचे दगड लोकांनी घरांसाठी नेले. ते घराणे आता फक्त माझ्या कडेवरच्या अक्षरांत उरले आहे.

एका हौशी माणसाच्या मेटल डिटेक्टरने मला शोधले आणि मी मेडनहेडजवळच्या छोट्या म्युझियममध्ये आलो. तिथे रेखामावशी स्वयंसेवक आहेत. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला घासून लख्ख केले. लोक माझ्यापुढे थांबून वाहवा करू लागले. मी सुखावलो, पण अंगाला बारीक खाज सुटली होती.

काही आठवड्यांनी बगळ्याच्या पायाशी फिकट हिरवी भुकटी दिसली. ती पाहताच तनूचा चेहरा उतरला. तनू इथे इंग्लंडमध्येच जन्मलेली, मराठी अडखळत बोलणारी, केमिस्ट्री शिकलेली, जुने धातू सांभाळते.

"मावशी, ह्याला काय लावला होता तुम्ही?"

"लिंबू-मीठ. विहारातली पितळी बुद्धमूर्ती मी तशीच घासते. ओपनिंगला हा असा कळकट कसा ठेवायचा?"

"मीठ पण? आणि मग?"

"मग धुतला की स्वच्छ."

"टॅप वॉटरने?"

"नाहीतर काय गंगाजलाने? काय विचारतेस तरी, बाई."

तनू हसली नाही. "मूर्ती नवीन आहे, मावशी. हा शेकडो वर्षं मातीत होता. वरचा जुना थर त्याला प्रोटेक्ट करत होता, तो लिंबाने गेला. आता मिठातला क्लोराइड आणि हवेतला ओलावा मिळून मेटल खातात. थांबवला नाही तर अक्षरं जातील."

मावशी खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे मी त्याला मारलं."

"अजून नाही. पण मला क्युरेटरला सांगायला लागेल."

"मीच सांगते. आणि उद्यापासून येत नाही."

तनूने भुकटी सुईने टोकरून काढली, मला औषधी द्रावणात बुडवले आणि मग कोरड्या, काचेच्या डबीत ठेवले. दोन अक्षरे गेलीच. उरलेल्यांची खात्री तिलाही नाही. डबीत मी एकेक कण चाचपत असतो. हा ओलावा आहे, की माझी भीती? धन्याचे नाव आणखी किती दिवस नीट वाचता येईल?

दुसऱ्या दिवशी मावशी आपली किल्ली परत द्यायला आल्या. तनूने किल्ली घेतली नाही, भिंग पुढे केले.

"माझे डोळे स्क्रीन बघून थकतात. रोज तुम्ही बघायचं. हिरवा ठिपका दिसला की लगेच मला फोन."

"माझ्यावर सोडतेस?"

"आता तुमच्याइतका कोण घाबरतं त्याच्यासाठी?"

तेव्हापासून मावशी रोज येतात, डबीतली हवा किती दमट आहे ते काट्यावर पाहतात आणि काचेबाहेरून एकेक अक्षर तपासतात. हात मागे बांधलेले असतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर जीव जडला, तर घासण्याआधी जाणत्याला विचारा. तिचा मळ कधी तिचे चिलखत असतो. आणि चुकलेल्या हाताला दूर लोटू नका. दारात मावशींची पावले वाजेपर्यंत मला धीर नसतो.