आमच्या घरावरचं धुराडं

सकाळी माझ्या तान्ह्या लेकीचे, जयाचे, डोळे उघडायचेच नाहीत. ओल्या फडक्यानं पुसून पुसून मी पापण्या सोडवायची, तेव्हा कुठे एक काळाभोर मणी बाहेर डोकवायचा. त्याला पहिलं दर्शन व्हायचं चुलीच्या धुराचं. लगेच मिटायचा बिचारा. म्हणून विकास गटाच्या ग्रामसेविकाबाई आमच्या गावात, रिह्यात, आल्या आणि एका घरात बिनधुराची चूल नमुन्याला घालायची म्हणाल्या, तेव्हा मी दाराआडून मामंजींकडे असं बघितलं की त्यांच्या तोंडातला नकार तोंडातच राहिला.

तसं मामंजींना सरकारी योजनांचं भारी प्रेम, दुसऱ्याच्या घरात असेतोवर. गावात त्यांना हैबतराव कमी आणि पंचवार्षिक जास्त म्हणत. देश पुढं निघालाय आणि पहिलं पाऊल आपल्या स्वयंपाकघरात टाकतोय, असं त्यांनी चावडीवर सांगूनही टाकलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या की देशानं पाय धुऊन यावं, नुकतंच सारवलंय.

चूल बसली. मातीच्या नळ्या भिंतीला धरून वर गेल्या, कौलं सारून धुराडं बाहेर निघालं. आत धुराचं नाव नाही. थोड्याच दिवसांत जया टकामका बघायला लागली. माझ्या नाकातली चमकी, फडताळावरचा तांब्या, मांजराची शेपटी, जे दिसेल त्याला हसायची. मीही तिच्याकडे बघत बसायची आणि भाकरी करपायची.

घोटाळा झाला तो घराबाहेर. आळीतल्या बाकी घरांचा धूर कौलांच्या फटींतून पाझरायचा, सगळ्यांचा मिळून एकच. कुणाची चूल कधी पेटली हे देवालाही कळत नसे. आमचा धूर मात्र आता खांबासारखा सरळ आभाळात. दुपारी मी चहाचं आधण ठेवलं की पार ओढ्यापलीकडच्या खाचरापर्यंत वर्दी जायची. आणि आधण चुलीवर असताना आलेल्याला चहा घेणार का असं विचारायची आमच्याकडे रीत नाही. कप पुढे करायचा.

पहिल्यांदा आला कुशाबा, विळा मागायला. मग गेणबा, कुशाबा इथं आलाय का ते बघायला. मग शेजारच्या चंद्राबाई, हे दोघं इथं का बसलेत ते बघायला. रोज हेच. मामंजी खूश, त्यांना योजना समजावून सांगायला आयती माणसं मिळाली. पण म्हैस एकच, तीही आटत आलेली. जयाच्या वाटीतलं दूध कपांत जायला लागलं.

आत्याबाईंनी काही दिवस नुसते कप मोजले. मग म्हणाल्या, "डोळं उघडलं पोरीचं, पर पोट रिकामं ऱ्हातंय. रविवारपतूर वाट बघीन. मंग चुलीत पहार घालीन."

त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. मामंजींनी धुराड्यावर ओलं पोतं टाकून बघितलं, तर सगळा धूर आत उलटला, जया रडून रडून निळी झाली. दुपारचा चहा बंद करू म्हटलं, तर मामंजींना देशाचं भवितव्यच अंधारात दिसायला लागलं.

मग मला सुचलं ते मी केलं. पहाटे पेटवलेली चूल दिवसभर विझू दिली नाही, म्हणजे चहा कधी ते धुरावरून कळायला नको. स्वयंपाक सोडला तर वर भांडं नाही, आत नुसता पाला आणि गोवरीचा तुकडा. कुशाबा आला, रिकाम्या चुलीकडे बघत बसला, पाणी पिऊन गेला. गेणबा सकाळी येऊन गेला, दुपारी आला, आणि दोन्ही वेळा कुशाबासारखाच गेला. शुक्रवारपर्यंत येणं थांबलं. फक्त भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजायला ठेवलेला पाला निम्मा संपला, आणि मामंजी माझ्याशी बोलायचे बंद झाले.

शनिवारी ग्रामसेविकाबाई पौडाहून विकास गटाच्या साहेबांना घेऊन आल्या. साहेबांना रस्त्यावरूनच धूर दिसला होता. आत येऊन बघतात तर चूल ढणढणतेय आणि वर काहीच नाही. ही चूल सरपण वाचवायला दिली आहे, असं ते बाईंना हळू आवाजात म्हणाले. इथली काढून दुसऱ्या गावी घाला. बाईंचं तोंड एवढंसं झालं. मी जमिनीकडे बघत उभी राहिले. पहार आत्याबाईंच्या हातून पडणार की सरकारच्या, एवढाच प्रश्न उरला होता.

आत्याबाई जयाला कडेवर घेऊन पुढे आल्या.

"न्यायची न्हाई," त्या म्हणाल्या.

साहेबांनी वर बघितलं.

"धूर दिसला की आळी चहाला येती, म्हनून माझी सून रिकामी चूल जाळती. एकल्या घराला धुराडं दिलंसा, ही चूक तुमची. समद्या आळीला द्या. मंग समद्यांचा धूर आभाळात एक व्हईल, कुनाची चहाची येळ कुनाला कळायची न्हाई, आन आमचा पाला बी वाचंल."

दारात साहेबांच्या मागोमाग आलेला कुशाबा उभा होता. तो आपल्या पायांकडे बघत पुटपुटला, "मंग आमाला बी एक द्या."

साहेबांनी वही काढली, आमची चूल तशीच ठेवून खाली कुशाबाचं नाव लिहिलं. एवढ्या गावांत फिरले, चूल घ्या म्हणून हात जोडले, पण कुणी आपण होऊन मागितली नव्हती. बाई हसायला लागल्या.

साहेब आले म्हणजे चहा आलाच. मामंजींनी दुधाच्या भांड्याकडे डोळ्यांनी खुणा करून बघितल्या, आत्याबाईंना त्या दिसल्या नाहीत. साहेबांना कोरा, बाईंना कोरा, कुशाबालाही कोरा. साहेब फुंकर घालत चांगला झालाय म्हणत होते, आणि जया वरच्या ओठावर दुधाची पांढरी मिशी घेऊन दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होती.